तलाव सांभाळायचा कोणी?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार; हे तलाव एकेकाळी त्याच्या ताब्यात होते, म्हणून सरकारी दप्तरात त्यांची नोंद 'माजी मालगुजारी', थोडक्यात 'मामा' तलाव अशी होते. आजवर त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते मुख्यतः सिंचनाच्या अंगाने: साठा किती, भिजणारे क्षेत्र किती, गाळ किती साचला, दुरुस्तीला खर्च किती. हे पुस्तक त्याच तलावांकडे पाण्याच्या आतून बघते. मासोळ्या, पाणवनस्पती, पाखरे, शिंपले आणि या सगळ्यांवर ज्यांचे पोट आहे ती माणसे, असा सगळा संसार इथे विषय झाला आहे. त्या संसारावर काय आपत्ती आली, काही गावांनी तो पुन्हा कसा उभा केला, आणि तो टिकवायचा तर कोणी काय करायला हवे, हे प्रश्न पुस्तकभर सोबत राहतात.

शेवटच्या प्रश्नाचे तयार उत्तर आपल्याकडे आहे: पर्यावरणाचे रक्षण ही सर्वांचीच जबाबदारी. भिंतीवर रंगवायला हे वाक्य ठीक. पण जी सर्वांची असते ती जबाबदारी बहुधा कोणाच्याच वाट्याला येत नाही, हा गावाचा आणि सरकारचा सारखाच अनुभव आहे. सामाईक जबाबदारी खरी व्हायची तर तिची वाटणी नावानिशी व्हावी लागते. पाळ कोणी बघायची, पाणी कोणी सोडायचे, मासोळीला हात कधी लावायचा, आणि चुकले तर कोणी कोणाला विचारायचे, हे ठरलेले असावे लागते. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यातल्या, तलावांचा इतिहास हा अशा वाटणीचा, ती मोडल्याचा आणि आता ती नव्याने मांडू पाहण्याचा इतिहास आहे. तो इथे थोडा सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणे त्याच्यावर उभी आहेत.

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख भाताचा. पाऊस वर्षाला सुमारे १,२०० ते १,४०० मिलिमीटर, म्हणजे मराठवाड्याने हेवा करावा इतका. तरी इथला शेतकरी पावसावर विसंबून राहू शकत नाही, कारण तो चार महिन्यांत येऊन जातो आणि भात निसवायच्या वेळी, भाद्रपद-आश्विनात, नेमका दडी मारतो. खाली कठीण खडक आणि वर मातीचा पातळ थर असल्याने मुरलेल्या पाण्याचा भरवसाही थोडा. अशा चढउताराच्या भूमीवर वाहते पाणी जागोजागी अडवून धरणे, हाच मार्ग होता. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी त्याला राजाश्रय दिला. जो तलाव बांधील त्याला जमीन, अशी रीत त्यांनी घातली. या देणगीला 'तुकुम' म्हणत. चंद्रपूर शहरातली एक वस्ती आजही त्याच नावाने ओळखली जाते.

या उत्तेजनाचे चीज केले ते मुख्यतः कोहळी समाजाने. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे अशीच करून दिली आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानतात. भोवतालच्या टेकड्यांना 'सातबहिणी' म्हणतात, आणि त्या देवींनी पाळ बांधायला कोलूला मदत केली अशी कथा आहे. पुढे लोकांनी कोलू पाटलालाच 'कोलासूर' म्हणून देवपण दिले. बांधकाम खात्यातल्या कोणाच्या नशिबी हा मान अजून आल्याचे ऐकिवात नाही.

या तलावांची रचना साधी, पण तिच्यामागचा अंदाज पक्का. उताराच्या तोंडाला मातीची पाळ. पाणी शेतात सोडायला तुडुम. तलाव भरून वाहू लागला की जादा पाणी पाळीला धक्का न लावता निघून जावे म्हणून एका कडेला सलंग. वरच्या तलावाच्या सलंगेतून निघालेले पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जाते, तिथून आणखी खाली, असे करत शेवटी नाल्याला आणि नदीला मिळते. म्हणजे एकेक तलाव सुटा दिसला तरी तो साखळीतला एक दुवा असतो. अभियंत्याला या साखळीत पाण्याचा प्रवास दिसतो. मासेमाराला तिच्यात आणखी एक प्रवास दिसतो, आणि तो उलट दिशेचा असतो.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, सलंगेवरून पाणी धावू लागले, की खालच्या पाण्यातले मासे प्रवाहाच्या विरुद्ध वर चढू लागतात. हे चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात. काहींना उथळ, नुकत्याच बुडालेल्या गवताची जागा लागते. मागूर तर भाताच्या बांदीतही, म्हणजे बांध घातलेल्या खाचरातही, घर करतो. मरळीची जोडी पाणगवतात जागा साफ करून अंडी घालते आणि पिलांची राखण करते. तांबूस पिलांचा थवा पृष्ठभागाजवळ फिरताना दिसला, की जाणत्याला कळते, मोठी मरळ खालीच आहे. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा मरळ, मागूर, शिंगूर यांसारखे हवेतला श्वास घेऊ शकणारे मासे चिखलात आणि डबक्यांत तग धरतात, आणि पुढच्या पावसात पुन्हा तलाव भरवतात. या माशांचे बीज कोणाला विकत आणावे लागत नाही.

हे चक्र ज्याच्या आधाराने फिरते ती तलावातली वनस्पती. मामा तलावाचा तळ काठापासून मधल्या खोलीकडे हळूहळू उतरत जातो. त्या उतारावर वनस्पतींचे पट्टे असतात. काठाच्या ओलीत देवधान म्हणजे रानभात आणि गाद नावाची लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती, त्यापुढे तळाशी मूळ आणि पाण्यावर पान अशी कमळे-कुमुदे, आणि खोल पाण्यात पूर्ण बुडालेली हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारखी रोपे. कुठल्या माशाने कुठे अंडी घालावीत, कोणी कुठे लपावे, कोणी काय खावे, हे या पट्ट्यांवरून ठरते. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करतो, जांभळी पाणकोंबडी गादीचे कंद उकरते, थंडीत उतरणारी लालसरी बदके बुडालेल्या रोपांवर चरतात. उथळ काठ उन्हाळ्यात उघडा पडून तापतो, साचलेला पालापाचोळा कुजून खत होतो, आणि पावसाळ्यात त्यातूनच नवे अंकुर फुटतात. तलाव आटणे हा दरवेळी दुष्काळ नसतो. मर्यादेत आटला तर ती तलावाची मशागत असते.

ही सगळी माहिती कोणाकडे होती? ढिवरांकडे. मासेमारी आणि शिंगाड्याचे पीक हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. कोणत्या गवतात कोणता मासा, कोणत्या नक्षत्रात कोणाच्या पोटात अंडी, वारा कुठून असला की जाळे कोणत्या काठाला, हे त्यांना पाण्यात उभे राहून राहून कळलेले. घरातल्या बायांकडे याच ज्ञानाचा दुसरा अर्धा भाग: बारीक मासोळी आणि झिंगे कुठे मिळतात, ती कशी सुकवायची, बाळंतिणीला कोणती द्यायची, कोणते कंद खायचे. हे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही, कारण ते रोज वापरात होते. पण त्याला हस्तलिखितापेक्षा कडक कसोटी होती. अंदाज चुकला तर त्या दिवशी चूल पेटत नसे.

आता वाटणी कशी मोडली ते पाहू. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातली मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ च्या ३१ मार्चपासून जमिनीबरोबर तलावही सरकारजमा झाले. हा बदल व्हायलाच हवा होता. मालगुजाराची सत्ता, वेठबिगार, जातीची उतरंड हे सगळे त्या जुन्या व्यवस्थेत होते, आणि तलावाच्या प्रेमापोटी ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पाळीला माती घालायला गाव जमत असे हे खरे, पण त्या जमण्यात खुशी किती आणि भीती किती हे सांगायला आज कोणी उरलेले नाही. पुस्तकातल्या लेखकांनी या बाबतीत जुन्या काळाचे गोडवे गायलेले नाहीत, याचा मला आनंद आहे.

चूक झाली ती पुढे. जुन्या धन्याला हटवले, पण त्याच्या जागी तलावाची अखंड काळजी घेणारा कोणी आला नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. पाणी लघुसिंचनाकडे, मासे मत्स्य विभागाकडे आणि ठेक्याने सहकारी संस्थांकडे, काठ महसुलाकडे, येव्यातले, म्हणजे जिथून पाणी तलावात वाहून येते त्या क्षेत्रातले, जंगल वन विभागाकडे, पाखरे वन्यजीव कायद्याकडे. प्रत्येकाच्या हातात तलावाचा एकेक तुकडा आला आणि प्रत्येकाने आपापला तुकडा चोख सांभाळला असता, तरी तलाव सांभाळला गेला असता असे नाही. काठावरच्या सुपीक गाळात पिके घेणारे शेतकरी पाणी लवकर उतरावे म्हणून धडपडतात, खालच्या भागातल्या शेतकऱ्यांना पाणी उशिरापर्यंत हवे असते, ढिवरांना ते चैत्र-वैशाखातही हवे असते. हा वाद मिटवायला एक जागा लागते. ती जागाच नाहीशी झाली.

त्याच सुमारास विज्ञानानेही तलावात पाऊल टाकले, आणि ते पाऊल मोठे होते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. आता ते हवे तितके तयार करता येऊ लागले. देशाच्या मत्स्योत्पादनात यामुळे क्रांती झाली; १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. १९५७ ते १९५९ या काळात सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हे परदेशी कार्प मासेही भारतात आणले गेले, आणि देशी-परदेशी मासे एकत्र वाढवण्याची पद्धत खेड्यापाड्यांतल्या तलावांपर्यंत पोचली.

शेततळ्यात किंवा खोदीव तलावात या पद्धतीला नाव ठेवण्यासारखे काही नाही. पण मामा तलाव हे रिकामे भांडे नव्हते. गवत्या मासा नावाप्रमाणे पाणवनस्पती फस्त करतो. सायप्रिनस तळ उकरून चिखल घुसळतो. जाळे अडकते म्हणून ठेकेदाराच्या डोळ्यांत तेच गवत सलू लागले. पाणवनस्पती गेल्या तशी स्थानिक माशांची अंडी घालायची जागा गेली. दरवर्षी विकतचे बीज सोडायचे, ते वाढले तर उत्पन्न, नाही वाढले तर कर्ज, असे चक्र सुरू झाले. काठावर बेशरमाची झाडे माजली, शहराजवळच्या तलावांत सांडपाण्यावर जलपर्णी पोसली, आणि भाताच्या शेतातली कीटकनाशके पावसाच्या पाण्याबरोबर उतरू लागली. ढिवर हे सगळे पाहत होते आणि बोलतही होते. फक्त त्यांचे बोलणे नोंदवायला कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता.

इथे विज्ञान विरुद्ध परंपरा अशी लढाई रंगवण्याचा मोह होतो. हे पुस्तक तो टाळते आणि ते योग्यच आहे, कारण ढिवरांच्या निरीक्षणाला सर्वांत भक्कम पुष्टी विज्ञानानेच दिली आहे. उथळ तलावांचा अभ्यास करणारे डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की अशा तलावाच्या दोन स्थिर अवस्था असतात. एका अवस्थेत तळाशी वनस्पती असतात, त्या गाळ धरून ठेवतात, शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना आसरा देतात, आणि पाणी नितळ राहते. दुसऱ्या अवस्थेत वनस्पती नाहीशा झालेल्या असतात, पाणी गढूळ आणि हिरवे होते, तळापर्यंत उजेड पोचत नाही, आणि उजेड नाही म्हणून वनस्पती परत येत नाहीत. एका अवस्थेतून दुसरीत तलाव घसरतो तो बऱ्याचदा अचानक, आणि नुसते कारण दूर केले म्हणून आपोआप मागे फिरत नाही. मग पाणी उतरलेले असताना, उजेड तळाला लागत असताना, हाताने लागवड करावी लागते. युरोपातल्या सरोवरांवर बेतलेला हा सिद्धान्त झाडीपट्टीतल्या मासेमाराला सांगितला, तर त्याला त्यात नवे काय ते विचारावेसे वाटेल. तरीही तो सिद्धान्त हवा. 'गवत गेले म्हणून मासोळी गेली' एवढे ढिवराला माहीत होते. गवत नुसते वाट बघून का येत नाही, आणि ते आणायला कोणती वेळ साधावी, याचे कारण त्यातून हाती येते.

असे दोन्ही बाजूंचे ज्ञान एकाच तलावावर कामाला लागल्याचे उदाहरण गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात निमगावला मिळते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर अनेक वर्षे ढिवरांबरोबर तलावांचा अभ्यास करत आले आहेत. त्या अभ्यासातून आणि तिथल्या मासेमारांच्या सहकारी संस्थेच्या पुढाकारातून गावच्या नव तलावाचे पुनरुज्जीवन हाती घेतले गेले. कामाचा क्रम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. आधी जाणत्या मासेमारांनी पूर्वी कोणते मासे होते, कोणत्या वनस्पती होत्या आणि त्या कुठे होत्या ते सांगितले. अभ्यासकांनी त्यांची शास्त्रीय ओळख पटवली आणि नोंदी ठेवल्या. बेशरम मुळासकट उपटले गेले. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग नांगरला, आणि दुसऱ्या तलावांतून आणलेली स्थानिक पाणवनस्पतींची रोपे ज्या खोलीला जी शोभतात तिथे लावली. तलावाचा काही भाग मासेमारीसाठी बंद ठेवला. मग स्थानिक मासे वाढू लागले, पाखरे परतली, आणि शेजारच्या गावांतल्या ढिवर संस्था, विशेषतः बायांचे गट, हे काम आपल्या तलावांवर करू लागले.

या कामात कोणी कोणाचा 'लाभार्थी' नव्हता, हे मला त्याचे मर्म वाटते. मासेमाराने सांगितलेले अभ्यासकाने तपासले, अभ्यासकाने सुचवलेले मासेमाराने एका कोपऱ्यात करून पाहिले आणि मगच पुढे नेले. तपासणी दोन्ही बाजूंनी झाली. पारंपरिक ज्ञानाविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या सवयी आहेत: एक तर ते अडाणी म्हणून बाजूला टाकायचे, नाहीतर पवित्र म्हणून पाटावर बसवायचे. दोन्ही सवयींत त्या ज्ञानाला प्रश्न विचारायचे आपण टाळतो. प्रश्न न विचारणे हा आदर नव्हे.

आणि प्रश्न आहेतच. पाण्यात उतरलेले कीटकनाशक डोळ्यांना दिसत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. एका तलावावर सारे आयुष्य काढलेल्या माणसाला जिल्ह्यातल्या शेकडो तलावांत एखादी जात एकदमच कमी होते आहे, हे कळायला मार्ग नसतो. त्याला वर्षानुवर्षांची गणना लागते. पावसाचे वेळापत्रक बदलते आहे तेव्हा नक्षत्रांवर बांधलेला अंदाजही हुकणार. उलट बाजूने, नमुने घ्यायला वर्षातून दोनदा येणाऱ्या संशोधकाला मधल्या महिन्यांत काय घडले ते काठावरच्या माणसाशिवाय कोण सांगणार? प्रत्येक ज्ञानाला आंधळी बाजू असते, आणि ती दुसऱ्याला दिसते.

गोंदियातल्या सारसांची गोष्ट याच जातीची. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत. शेजारच्या बालाघाटातही त्याची वस्ती आहे. तो तलावांत चरतो आणि भाताच्या बांदीत घरटे करतो, म्हणजे खासगी शेतात. कायदा पक्ष्याला संरक्षण देतो, पण अंड्यांपासून कुत्री हाकलायला आणि घरट्याभोवतीचे धान शेवटी कापायला शेतकरीच लागतो. 'सेवा' ही गोंदियाची संस्था शेतकऱ्यांना आणि स्वयंसेवकांना घेऊन दर उन्हाळ्यात गणना करते. अलीकडच्या गणनांत गोंदियातली संख्या पन्नाशीच्या आतच राहिली आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. न्यायालय, शास्त्रीय गणना आणि शेतकऱ्याचा संयम, या तिघांतला एक जरी कमी पडला तरी हा पक्षी राज्यातून जाईल.

लेखकांच्या आधीही कोणीतरी ही वाट चालून गेले आहे, याची आठवण द्यायला हवी. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, आणि त्यांच्या लेखनात माधवराव पाटील डोंगरवार हे नवेगावचे जाणते गृहस्थ पुन्हा पुन्हा भेटतात. पाखरांच्या सवयी, जंगलातल्या वाटा, तलावाचे ऋतू हे सगळे त्या सहवासातून चितमपल्लींच्या पानांवर उतरले. शिक्षित अधिकाऱ्याने गावकऱ्याकडून शिकावे आणि ते नाव घेऊन मान्य करावे, ही रीत मराठीत त्यांनी रुजवली. पुस्तकातल्या लेखांत ज्यांनी माहिती दिली त्या माणसांना 'स्थानिक सूत्र' म्हणून उरकलेले नाही, त्यांच्या मताला मत म्हणून जागा दिली आहे. हे त्याच रीतीला धरून आहे.

पण एकट्यादुकट्याच्या भल्या स्वभावावर साडेसहा हजार तलाव टिकणार नाहीत. इथे विषय हक्कांकडे वळतो, आणि पुस्तकाचा उत्तरार्ध मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यामुळे. ज्ञान ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे अधिकार नाही, आणि अधिकार ज्याच्याकडे आहे त्याची बदली तीन वर्षांनी होते. मासेमारीचा ठेका ठरावीक मुदतीचा. पाणवनस्पती लावून त्यांचे फळ मिळेपर्यंत ठेका दुसऱ्याकडे जाणार असेल, तर कोणी कशाला चिखलात उतरावे? सामाईक संसाधनांच्या अभ्यासासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून हेच मांडले: वापरणाऱ्यांना नियम करण्याचा अधिकार आणि पुढेही आपलेच राहील हा भरवसा मिळाला, तर लोक सामाईक गोष्ट नीट सांभाळू शकतात.

कायद्यात वाटा नाहीत असेही नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे आणि पाणसाठ्यातल्या इतर उत्पन्नावरचा सामुदायिक हक्क स्पष्ट नमूद आहे. पण ढिवर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो, आणि ज्यांचे सगळे ज्ञान तोंडी त्यांच्याकडे कागद मागितला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'वाजिब-उल-अर्ज' नावाची नोंदवही आहे. तिच्यात गावातल्या सिंचनाच्या आणि मासेमारीच्या चालीरीती लिहिण्याची तरतूद आहे. गावोगावच्या नोंदी तहसील कचेरीत जाऊन वाचाव्यात, ही सूचना पुस्तकात केली आहे आणि ती अगदी व्यवहार्य आहे.

जैवविविधता कायदा, २००२ ने प्रत्येक गावाला जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली. मात्र राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दंडाचा इशारा दिल्यावर देशभर या नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. गावाच्या ज्ञानाचा आरसा व्हायची ती वही पुष्कळ ठिकाणी पूर्ततेचा कागद झाली. आणखी एक विसंगती तर फारच बोलकी आहे. १९७१ च्या रामसर करारात माणसाने बांधलेल्या पाणसाठ्यांचाही पाणथळीत समावेश होतो. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र सिंचनासाठी खास बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले. तीनशे वर्षे पाखरे आणि मासे ज्याला घर मानत आले, ते नियमाच्या लेखी पाणथळच नाही.

म्हणून वाचकाने, विशेषतः खात्यांत काम करणाऱ्या वाचकाने, या पुस्तकातून काही ठोस गोष्टी उचलाव्यात. गाळ काढण्याची योजना आली की यंत्र तळात उतरण्याआधी मासेमार संस्थेला विचारले जावे: कुठला भाग खोदायचा, कुठली मुळे आणि बिया राखायच्या. सरसकट खरवडलेल्या तळात पाणी जास्त मावेल, पण जीव उगवणार नाही. सलंगेची दुरुस्ती करताना चढणीच्या माशांना वर जाता येईल असा उतार ठेवावा. उभी सिमेंटची भिंत घातली, की साखळी तिथेच तुटते. मामा तलावांत गवत्या मासा सोडू नये. ठेक्याची मुदत वनस्पतींच्या वाढीशी जुळवावी. आणि प्रत्येक तलावाचा एक कागद असावा, ज्यावर पाणी, मासे, काठ, येवा यांतले कोणाचे काय आणि कोणाचे कर्तव्य काय हे एकत्र लिहिलेले असेल आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचले जाईल.

विद्यापीठांनाही काम आहे. पूर्व विदर्भातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकणारी मुले बहुतेक तलावाकाठच्याच गावांतली असतात. त्यांच्या प्रकल्पांनी दरवर्षी तेच तलाव मोजले, पाण्याची पारदर्शकता, वनस्पतींचे पट्टे, मासे आणि पाखरे यांच्या नोंदी सलग ठेवल्या, तर दहा वर्षांत असा साठा उभा राहील जो कोणत्याही परदेशी अनुदानाने मिळणार नाही. त्यासाठी लागणारी साधने स्वस्त आहेत. पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेकी तबकडी १८६५ पासून वापरात आहे. ती पत्र्याच्या गोल तुकड्याला रंग देऊन गावातही बनते. ढिवरांची मुलेही त्या वर्गांत आहेत. घरातले आणि वर्गातले ज्ञान एकाच माणसात एकत्र येण्याची ही पहिलीच पिढी, आणि तिला घरातले ज्ञान विसरायला लावणे हा आपल्या शिक्षणाचा सर्वांत महाग अपव्यय ठरेल.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्याचा मुख्य भर भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांवर आहे. गडचिरोलीतल्या माडिया आणि गोंड गावांच्या पाण्याविषयीच्या समजुतींना स्वतंत्र पुस्तक लागेल. नद्यांचा विषय इथे ओझरता येतो, आणि धरणांनी अडलेल्या वैनगंगेचा हिशेब अजून कोणीतरी मांडायचाच आहे. कोकणातल्या काळ नदीवरच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून माशांना कोणी हात लावत नाही. श्रद्धेने राखलेल्या अशा डोहांची आणि कामाने राखलेल्या तलावांची तुलना झाली असती, तर चर्चा आणखी रंगली असती. कारण श्रद्धा मासेमारी थांबवू शकते, पण वरच्या अंगाने येणारे विष थांबवू शकत नाही.

तलाव कोणी सांभाळायचा, या प्रश्नाला हे पुस्तक एका नावाने उत्तर देत नाही. पाळ सांभाळणाऱ्याला मासोळीची आणि मासोळी सांभाळणाऱ्याला पाळीची माहिती असावी, दोघांनी एकमेकांना जाब विचारू शकावे, आणि त्या जाबाला कायद्याचे पाठबळ असावे, इतकेच ते मागते. मागणी लहान दिसते. पण ती एका तालुक्यात जरी मान्य झाली, तरी तिथल्या मत्स्य अधिकाऱ्याला, शाखा अभियंत्याला, सरपंचाला आणि ढिवर संस्थेच्या अध्यक्षाला एकाच सतरंजीवर बसून एका तलावाचे वर्ष आखावे लागेल. या पुस्तकाचा उपयोग झाला की नाही, हे त्या बैठका होतात की नाही यावरून ठरवावे.